वनस्पती शिकायच्यात, सुरुवात कुठून करू? दारातल्या उंबरापासून

नाशिकहून एका मुलीनं विचारलंय: "मी 31 वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते, शिक्षण कॉमर्सचं. मागच्या सप्टेंबरात कासला जाऊन आले आणि वनस्पती शिकायचं वेड घेऊनच परतले. दोन पुस्तकं घेतली, मोबाइलवर ॲप घेतलं, पण दोन महिन्यांत सगळं थंडावलं. पुस्तकातले शब्द डोक्यावरून जातात. रोजच्या वाटेवर एक उंबर सोडला तर बघण्यासारखं काही नाही. सुरुवात कुठून करू? प्रेरणा कशी टिकवू? आणि कॉमर्सवालीनं या वयात यात पडावं का?"

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली, आणि त्यातले बहुतेक पावसाळे सह्याद्रीत भिजण्यात.

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात खुपत राहिला तर बाकीचं काही हातून होणार नाही. आपल्या भागातल्या वनस्पतींची पहिली मोठी नोंद, ‘बॉम्बे फ्लोरा’, 1861 साली छापली गेली. ती करणाऱ्या दोघांपैकी डॅल्झेल जकात खात्यातून वनखात्यात आलेला होता आणि गिब्सन हा कंपनी सरकारचा सर्जन, पुण्याजवळची दापोडीची बाग सांभाळणारा. त्यानंतर 1901 ते 1908 या काळात इथल्याच वनस्पतींवरचे ज्याचे खंड निघाले आणि जे आम्ही आजही उघडतो, तो थिओडोर कुक मूळचा इंजिनिअर. रेल्वेच्या कामासाठी तो हिंदुस्थानात आला आणि पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. खंडाळ्याच्या वनस्पतींवर 1953 मध्ये ग्रंथ लिहिणारे सांतापाव जेझुइट पाद्री होते. त्याच्याही मागे जायचं तर मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ 1678 पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आप्पु भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन आहे, तेही नागरी अक्षरांत. जकातवाला, सर्जन, इंजिनिअर, पाद्री, वैद्य. यांच्या ओळीत बँकवाली अगदी शोभून दिसते. शिवाय आकडे नीट लिहायची, तारीख न चुकवायची सवय तुला नोकरीनंच लावली आहे. माझ्या विज्ञानाच्या मुलांना ती लावताना माझा घाम निघायचा.

आता कासबद्दल. कास सुंदर आहे आणि तिथं तुझं मन गेलं याचा मला आनंदच आहे. पण सुरुवात करायला ती जागा अवघड. जांभ्या खडकावर इंचभर मातीत जगणाऱ्या त्या वनस्पतींना चार महिन्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकायचं असतं. त्यामुळे तू गेलीस तेव्हा एकाच वेळी शेकडो फुलं उघडी होती. तू गालिचा पाहिलास. त्यातली एक वनस्पती उगवताना, तिला कळी येताना, तिचं बी सांडताना तू पाहिलं नाहीस आणि दीड-दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरावर राहून बघणारही कशी? सीतेची आसवं चिमूटभर देठावर निळी दिसतात, पण ही वनस्पती ओल्या मातीत दडलेल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडते, हे उभ्या उभ्या फोटो काढून कळत नाही. तिथल्या टोपली कारवीला फुलायला सात वर्षं लागतात, डोंगरउतारावरच्या कारवीला आठ. अशा ठिकाणी वर्षातून एक दिवस जाऊन उत्साह टिकला नाही, तर दोष तुझा नाही.

प्रेरणेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती आधी येत नाही. दरवर्षी माझ्या वर्गात पंचवीस-तीस मुलं यायची. पहिल्या सहलीला सगळीच उड्या मारायची. तिसऱ्या वर्षापर्यंत ज्यांचं बघणं चालू राहिलं, त्या प्रत्येकाकडे स्वतःची म्हणून एक वनस्पती होती. एकीची हॉस्टेलच्या गच्चीवरची गुळवेल होती, एकाची एसटी स्टँडमागची रुई. तीच झाडं ती मुलं पुन्हा पुन्हा बघत राहिली आणि दर वेळी काहीतरी नवं दिसल्यामुळे पुढच्या वेळी परत गेली. तुझ्याकडे उंबर आहे. "एक उंबर सोडला तर काही नाही" असं तू लिहिलंस ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसले.

बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, कारण उंबराला फूल आलेलं कुणी पाहिलेलं नसतं. ते बघणं तुझ्या हातात आहे. उंबराची फळं खोडालाच घोसानं लागतात, त्यामुळे हात पोचतो. एक हिरवं, कडक फळ घे. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक भोक दिसेल, खवल्यांनी गच्च मिटलेलं. तो त्याचा डोळा. आता ब्लेडनं देठापासून डोळ्यापर्यंत उभा छेद घे. आतून पोकळी निघेल आणि तिच्या भिंतीला दाटीवाटीनं शेकडो मोत्यासारखे कण चिकटलेले असतील. तीच फुलं. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर फुलांची आतून भरलेली पिशवी. मादीफुलं भिंतीभर असतात आणि नरफुलं डोळ्याजवळ.

जरा पिकायला आलेलं फळ कापलंस तर आतून तिळाएवढ्या माश्या निघतील. लोक "किडकं" म्हणून टाकून देतात. मात्र त्या नसत्या तर उंबराला बीच धरलं नसतं. ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली चिमुकली मादी अंगावर पराग घेऊन डोळ्यातून आत शिरते, काही फुलांत अंडी घालते, काहींना पराग देते आणि आतच मरते. तिच्या पिलांतले नर आधी बाहेर येतात. ते फिकट, बिनपंखांचे असतात आणि बाहेरचं जग त्यांना जवळजवळ दिसतच नाही. फुलांत अडकलेल्या माद्यांशी त्यांचं मीलन होतं, मग ते भिंत पोखरून बाहेर जायची वाट करून देतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेनं दुसऱ्या उंबराच्या शोधात उडून जातात. ब्लेडनं कापलेलं एक फळ हातात धरून हे सगळं समजून घ्यायला तुला एक संध्याकाळ पुरेल. त्या संध्याकाळनंतर त्या झाडाखालून तू पूर्वीसारखी चालत जाणार नाहीस, हे मी अनुभवानं सांगते.

मग दर रविवारी त्याच झाडाकडे दहा मिनिटं. नवी पालवी आहे का, जुनी पानं गळतायत का, फळं किती मोठी झाली, तांबट पक्षी आलाय की खार की रात्री वटवाघळं. पानांवर लालसर फुगवटे दिसले तर रोग समजून घाबरू नकोस. एका बारीक कीटकानं पानाकडून बांधून घेतलेली ती घरं असतात. ‘सीझनवॉच’ नावाचा एक भारतीय उपक्रम आहे, त्यात सामान्य माणसं आपल्या ठरलेल्या झाडाची अशीच आठवड्याची नोंद करतात. पटलं तर तिथं नाव घाल. नाही घातलंस तरी वही पाहिजेच.

उंबराच्या बुंध्याशी आता खाली बघ. फुटपाथच्या फरशीच्या फटीत एकदांडी असणारच, तिला दगडी पालाही म्हणतात. जखमेवर पाला चोळतात तो हाच. लांब देठाच्या टोकावर पिवळं-पांढरं, नखाएवढं एकच फूल. मध्य अमेरिकेतून आलेली ही वनस्पती आता महाराष्ट्रात जिथं तिथं आहे, त्यामुळे तोडताना मनाला लागायचं कारण नाही. दहापट मोठं दाखवणारं हस्तभिंग घे, काहीशे रुपयांत मिळतं. बहुतेकजण ते चुकीचं धरतात. भिंग फुलावर न धरता स्वतःच्या डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि फूल त्याच्यापाशी आणायचं, उजेडाकडे तोंड करून.

आता टाचणीनं कडेची एक पांढुरकी ‘पाकळी’ उपट. बहुधा तशा पाच असतील आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. उपटलेल्या पाकळीच्या बुडाशी एक नळी दिसेल, नळीतून दोन टोकांची स्त्रीकेसराची काडी डोकावत असेल आणि तळाशी कोवळं बी. म्हणजे ती पाकळी नव्हतीच, ते एक आख्खं फूल होतं. मधल्या पिवळ्या भागातला एक कण काढ. तेही फूल, पाच टोकांचं. त्यात पुंकेसरही आहेत, स्त्रीकेसरही. ज्याला तू एक फूल म्हणत होतीस ती पन्नासेक फुलांची वस्ती निघाली. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सतरा वर्षांची होते, बाकावर भिंग ठेवून रडू आलं होतं. का ते आजही नीट सांगता येत नाही. नंतर झेंडू, शेवंती, सूर्यफूल, सोनकी आणि गाजरगवतसुद्धा उघडून बघ. सगळीकडे हीच रचना सापडेल. हे एक कुल, म्हणजे वनस्पतींचं एक घराणं झालं, आणि पुस्तक न उघडता झालं.

पुस्तकातले शब्द डोक्यावरून जातात, कारण ते वस्तूच्या आधी आले. निदलपुंज, पर्णविन्यास, संमुख, एकांतरित असले शब्द पाठ करायला बसू नकोस. तुळशीच्या देठावरून बोट फिरव, तो चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीनं आहेत. फुलाला वरचा-खालचा असे दोन ओठ आहेत. आता पुदिना घे, सब्जा घे, कुंडीतला पानओवा घे. तेच चौकोनी देठ, तीच जोडी. मग ‘संमुख’ हा शब्द आपोआप लागेल, कारण दर वेळी "समोरासमोर जोडीनं" लिहायचा तुला कंटाळा येईल.

खरं तर स्वयंपाकघरात पहिली सहा-सात कुलं होऊन जातात. भेंडीचं फूल मिळालं तर जास्वंदीशेजारी ठेव. मधला पुंकेसरांचा नळकांड्यासारखा दांडा दोन्हीकडे एकच. कापसाचंही तसंच. वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा यांची फुलं बघितलीस तर ती सख्खी भावंडं वाटतात. वाटाणा, हरभरा, मेथी आणि भुईमूग हे एक घर. त्यातला भुईमूग फुलतो वर, पण नंतर फुलाच्या बुडाची दांडी वाढत मातीत घुसते आणि शेंग खाली धरते. कोथिंबीर, जिरं, बडीशेप, ओवा यांच्या फुलांच्या छत्र्या. दुधी, कारलं, दोडका, काकडी यांत नर आणि मादी फुलं वेगळी आणि मादीफुलामागे चिमुकलं फळ आधीच बसलेलं. इतकं हातात आलं की रस्त्याकडेच्या अनोळखी रोपट्याकडे बघून "हे तुळशीच्या घरातलं दिसतंय" असं तुझ्या तोंडून निघेल. त्या दिवशी मला जरूर कळव.

वहीबद्दल मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. एम.एस्सी.च्या पहिल्या पावसाळ्यात मी घाटातून साठ-पासष्ट वनस्पती गोळा केल्या. वर्तमानपत्रात घालून दाबल्या, कागद रोज बदलले (पावसात एक दिवस चुकला तरी बुरशी धरते), सुंदर वाळल्या. नोंदी मात्र केल्या नाहीत. सगळं डोक्यात आहे असं वाटत होतं. दिवाळीनंतर सरांनी एकेक कागद उचलून विचारलं, ही कुठली? कधी? झुडूप होतं की वेल? फुलाचा रंग काय होता? वाळल्यावर निळं फूल तपकिरी झालं होतं. निम्म्यांबद्दल मला काहीच सांगता येईना. ते नमुने संग्रहात ठेवण्यालायक नाहीत, एवढंच ते म्हणाले. त्या साठ झाडांचा जीव मी फुकट घेतला, ही रुखरुख अजून आहे. म्हणून आधी वही. तारीख, जागा, उंची, पानांची मांडणी, देठ मोडल्यावर चीक येतो का, वास, अंगावरची लव, शेजारी काय उगवलंय, कोण कीटक बसलाय. आणि चित्र काढ, कसंही येवो. फोटो काढताना पाकळ्या मोजाव्या लागत नाहीत, चित्र काढताना लागतात. वनखात्याच्या हद्दीत किंवा कासवर काहीही तोडायचं नाही, हे सांगायची गरज नसावी. शिकायला रस्त्याकडेचं तण भरपूर आहे.

ॲप वापर, माझी ना नाही. पण ते जे सांगतं तो अंदाज असतो. नुसता फुलाचा समोरून फोटो देऊ नकोस. फूल बाजूनं, मागून, पान दोन्ही अंगांनी आणि आख्खी वनस्पती असे फोटो दे, मग आलेलं नाव घेऊन पान-फळ जुळतंय का ते स्वतः पडताळ. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी इंटरनेटवर मोफत आहेत, कुकचे खंडही स्कॅन करून ठेवलेले आहेत. शास्त्रीय नावांना बिचकू नकोस. 1753 मध्ये लिनीअसनं वनस्पतींना दोन शब्दांचं नाव द्यायची पद्धत पक्की केली, ती आडनाव-नावासारखीच आहे. एकदांडी म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स, त्यात प्रोकंबेन्स म्हणजे जमिनीसरपट पसरणारी. मराठी नावं मला जीव की प्राण आहेत, पण ती एकटी पुरत नाहीत. ‘ब्राह्मी’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती दिल्या जातात आणि ‘शंखपुष्पी’ म्हणून तर तीन-चार. औषधाच्या बाबतीत ही गल्लत अंगाशी येते. म्हणून फोटोवरून ओळखून रानातलं काहीही तोंडात घालू नकोस. कळलावीचं फूल ज्वाळेसारखं मोहक असतं आणि तिचा कंद जीव घेतो.

तरीही मराठी नावं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे जाच. पावसाच्या तोंडावर ठाणे, मुरबाड, कर्जतच्या बाजारात बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, आणि शेजारी काकडाची आंबट फळं ठेवतात. शेवळांनी घसा खाजतो, काकडं घातली की खाज जाते. ही जोडी कुठल्या प्रयोगशाळेनं शोधलेली नाही. तुझ्या बाजूला त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडून रानभाज्या येतात. भाजी घे, भाव करू नकोस, आणि विचार: ही कुठं उगवते, कधी काढायची, कुठला भाग टाकायचा, तुमच्याकडे काय म्हणतात. उत्तर त्यांच्या शब्दांत, त्यांचंच म्हणून वहीत उतरव.

वर्षभर हे झालं की एकदा पुण्याला ये. कोरेगाव पार्क भागात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. तिथं वाळवलेल्या वनस्पतींचे लाखाहून अधिक नमुने आहेत. मुंबईत झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे असाच वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. आधी पत्र लिहून परवानगी घ्यायची, बाकी माणसं आस्थेनं दाखवतात. तुझ्या ओळखीची एखादी वनस्पती शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नाशिकजवळ गोळा केलेली तिथं कागदावर दिसेल, कोपऱ्यात तारीख आणि गावाचं नाव. मी सांगितलेली वही म्हणजे त्याच कोपऱ्यातलं लेबल आहे.

बघण्यासारखं काही नाही म्हणालीस, म्हणून शेवटी एवढं सांगते. त्र्यंबक रस्त्यावरची तुमची अंजनेरी. तिथल्या कड्यांवर कंदीलफुलाची एक जात आहे. तिचं शास्त्रीय नाव सिरोपेजिया अंजनेरिका, आणि विज्ञानाला ती नवी म्हणून नोंदली गेली 2006 मध्ये, म्हणजे तू शाळेत असताना. किती भाविक, किती ट्रेकर त्या डोंगरावर चढून गेले असतील. कंदीलफुलांची रचना उंबराइतकीच नवलाची. लांब नळी, आत खाली वळलेले केस, माशी आत घसरते आणि केस कोमेजेपर्यंत अडकून राहते, मग परागाचं ओझं घेऊन सुटते. या कुटुंबातल्या काहींचे कंद खणून खातात आणि काही जाती फारच थोड्या उरल्या आहेत. त्यामुळे पुढच्या श्रावणात एखादी सापडली तर जागा समाजमाध्यमांवर टाकू नकोस, वहीत ठेव.

या रविवारी मात्र ब्लेड, भिंग आणि वही घेऊन उंबराशी जा. छेद घेतलास की फळाच्या डोळ्यापाशी, मिटलेल्या खवल्यांच्या मध्ये, भिंगातून नीट बघ. आत शिरताना त्या माशीचे पंख तुटून तिथंच अडकतात. दिसले तर तारीख घालून लिही, आणि मला कळव.